पहिलीच्या पोराला बुद्धिमत्तेचा क्लास कशाला?

सातारा-सांगलीकडे 'स्कॉलरशिप' या शब्दाला मोठी पत आहे. 1954-55 पासून चालत आलेली ही सरकारी शिष्यवृत्ती परीक्षा. तिच्यासाठी शाळा भरायच्या आधी आणि सुटल्यावर जादा तास घेणारे, दिवाळीच्या सुट्टीतही पोरांना बोलावून घेणारे आणि त्याबद्दल एक पैसाही न घेणारे शिक्षक माण-खटावपासून शिराळ्यापर्यंत कितीतरी होऊन गेले, आजही आहेत. कोरडवाहू गावातली मुलं गुणवत्ता यादीत आली ती या माणसांच्या कष्टांवर. मीही जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीच्या वर्गाला बुद्धिमत्ता चाचणी शिकवली आहे. त्यामुळे पुढे जे लिहितो आहे ते या शिक्षकांच्या विरोधात नाही, हे आधीच सांगतो.

माझा आक्षेप आहे तो हे सगळं खाली खाली सरकत पहिलीपर्यंत येऊन पोचलं त्याला. आता पहिलीच्या मुलांसाठी खासगी प्रज्ञाशोध परीक्षा आहेत. त्यांची सराव पुस्तकं आहेत, नमुना उत्तरपत्रिका आहेत, जिल्हा पातळीच्या आणि राज्य पातळीच्या याद्या आहेत. निकाल लागला की चौकात फ्लेक्स लागतो आणि त्यावर दुधाचे दात पडलेल्या मुलांचे फोटो असतात, फोटोखाली क्रमांक. मोठ्या गटातल्या मुलाची आई विचारते, "सर, आत्तापासून बुद्धिमत्तेचा क्लास लावला तर चौथीला जड जाणार नाही ना?" विचारणारी बाई काळजीनं विचारत असते. तिच्या शेजारच्या घरात क्लास लावलेला असतो, आणि आपलं लेकरू मागं पडलं तर दोष आपल्यावर येईल ही धास्ती तिच्या मनात असते. तिला हसण्यावारी नेऊ नये. तिला सरळ उत्तर द्यायला हवं.

माझं उत्तर असं आहे. सहा-सात वर्षांच्या मुलाकडून बुद्धिमत्ता चाचणीच्या प्रश्नांचा सराव करून घेतला की त्या प्रश्नांतले गुण वाढतात, बुद्धी वाढत नाही. आणि त्या गुणांसाठी जो वेळ जातो, त्याच वेळात बुद्धी खरोखर वाढवणाऱ्या गोष्टी व्हायच्या असतात. परीक्षेची ओळख मात्र प्रत्येक मुलाला मिळाली पाहिजे, ती दहाव्या वर्षाच्या आसपास, शाळेत आणि फुकट. ओळख आणि घोटून घेणं यांतलं अंतर आपण विसरलो आहोत.

इथं दोन वेगळ्या परीक्षांची गल्लत होते, ती आधी सोडवू. एक आहे स्पर्धेची परीक्षा. शिष्यवृत्तीच्या दुसऱ्या पेपरात बुद्धिमत्ता चाचणीचे 50 प्रश्न आणि 100 गुण असतात, म्हणजे एकूण 300 गुणांतला तिसरा हिस्सा. नवोदय या सरकारी निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेत 80 प्रश्नांपैकी 40 प्रश्न मानसिक क्षमतेचे, आणि 100 पैकी 50 गुण त्यांचेच. सैनिकी शाळेच्या सहावीच्या प्रवेशालाही बुद्धिमत्तेचे 25 प्रश्न असतात. देशातली पहिली सैनिकी शाळा 1961 मध्ये साताऱ्यातच सुरू झाली, त्यामुळे या परीक्षेचं आकर्षण इथल्या घराघरात आहे. या सगळ्या परीक्षा एकाच कागदावर शेकडो-हजारो मुलांना एकाच वेळी तपासतात. जागा थोड्या आणि मुलं जास्त, म्हणून चाळणी लावायची, एवढाच त्यांचा हेतू.

दुसरी चाचणी मानसशास्त्रज्ञ घेतात. एक मूल आणि एक माणूस समोरासमोर बसतात. मुलाला ठोकळे जुळवायला देतात, अंक उलटे म्हणायला लावतात, चित्रातलं काय चुकलंय ते विचारतात, शब्दांचे अर्थ विचारतात. मूल वर्गात का मागं पडतंय, त्याला वाचायला का जमत नाही, की उलट त्याला वर्गात फार सोपं जातंय म्हणून ते चुळबुळ करतंय, हे शोधायला ही चाचणी असते. तिथं वय वर्षं आणि महिने धरून मोजतात. या चाचणीची आधी तयारी करून घेणं म्हणजे रक्तातली साखर तपासायच्या आधी चार दिवस गोड बंद करून रिपोर्ट चांगला आणण्यासारखं आहे. रिपोर्ट चांगला येतो आणि दुखणं आत राहतं. एखाद्या मुलाला अध्ययन अक्षमता असेल आणि आईबापांनी कुठूनतरी मिळवलेले नमुना प्रश्न घोटून घेतले असतील, तर त्याच्या ताकदीचं आणि अडचणीचं जे चित्र दिसायला हवं तेच पुसलं जातं. मग मिळायची ती मदत मिळत नाही. चाचणीला मूल न्यायचं असेल तर त्याला एवढंच सांगावं की एक ताई किंवा दादा तुझ्याबरोबर कोडी सोडवणार आहेत, काही येतील, काही येणार नाहीत.

हे 'काही येणार नाहीत' सांगणं फार महत्त्वाचं आहे, आणि नेमकं तेच पालक टाळतात. समोरासमोरच्या अशा चाचण्यांत प्रश्न अवघड अवघड होत जातात आणि लागोपाठ काही चुकले की तो भाग थांबवतात. म्हणजे कितीही हुशार मूल असलं तरी शेवटी ते न येणाऱ्या प्रश्नापाशीच पोचतं. चाचणीची रचनाच तशी आहे. ज्या मुलाला पैकीच्या पैकी गुणांचीच सवय लावलेली असते, ते तिथं बिथरतं, रडवेलं होतं, पुढच्या भागात मन लावत नाही. 'मला नाही येत' असं शांतपणे म्हणून पुढच्या प्रश्नाकडे वळणारं मूल या चाचणीला खरं तयार असतं. ही तयारी कुठल्याही पुस्तकात मिळत नाही. घरात मुलाच्या चुकीवर कसा आवाज लागतो, त्यावर ती ठरते.

बुद्धी मोजण्याची ही पद्धत आली कुठून, हे पाहिलं तर आजच्या क्लासवाल्यांची जाहिरात किती भरकटली आहे ते कळतं. 1905 मध्ये पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि तेओदोर सिमाँ यांनी पहिली उपयोगी चाचणी तयार केली. त्यांच्यापुढचं काम होतं नेहमीच्या वर्गात ज्यांना झेपत नाही अशी मुलं ओळखणं, म्हणजे त्यांना वेगळी मदत देता येईल. वरचा क्रमांक काढणं हा हेतूच नव्हता. बिनेनं 1909 मध्ये स्पष्ट लिहून ठेवलं की बुद्धी ही ठरलेली, न वाढणारी रास आहे असं मानणाऱ्यांच्या निर्दय निराशेचा आपण प्रतिकार केला पाहिजे. आपल्याकडे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी 1930 च्या दशकात या चाचणीची मराठी आणि कन्नड रूपं तयार केली. बिने-कामत चाचणी या नावानं ती आजही आपल्या दवाखान्यांत वापरली जाते. मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारी मुलं आपल्या जत तालुक्यात आजही शेजारी शेजारी राहतात. मुलाच्या स्वतःच्या भाषेत त्याला विचारलं पाहिजे, हे शहाणपण नव्वद वर्षांपूर्वी त्या कामात होतं.

पुढे अमेरिकेत या चाचणीचा रोख बदलला. लुईस टर्मननं 1916 मध्ये तिचं अमेरिकन रूप काढलं आणि 1921 पासून कॅलिफोर्नियातली दीड हजारांवर उच्च बुद्ध्यंकाची मुलं निवडून त्यांच्यावर आयुष्यभर लक्ष ठेवलं. ती मुलं पुढे बहुतेक चांगली शिकली, चांगल्या हुद्द्यांवर गेली. पण त्या निवडीत दोन मुलांना वगळलं गेलं, कारण त्यांचे गुण पुरेसे आले नाहीत. एकाचं नाव विल्यम शॉकली, दुसऱ्याचं लुई अल्वारेझ. शॉकलीला 1956 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, अल्वारेझला 1968 चं. निवडलेल्या मुलांतल्या एकालाही नोबेल मिळालं नाही. यावरून चाचणी निरुपयोगी ठरत नाही. शाळेतलं यश ती बऱ्यापैकी सांगते. पण लहान वयातल्या आकड्यावर मुलाचं भविष्य बेतणाऱ्यांनी ही दोन नावं लक्षात ठेवावीत. आणि चार-पाच वर्षांच्या वयात तर हा आकडा आणखीच डळमळीत असतो. त्या वयात मिळालेले गुण दोन-तीन वर्षांत बरेच खालीवर होतात. दहा-अकराव्या वर्षानंतर ते त्यामानानं स्थिर होतात. पहिलीच्या वर्गात तर वयात जवळजवळ वर्षाचा फरक असलेली मुलं शेजारी बसतात. सहाव्या वर्षी अकरा महिने म्हणजे फार मोठं अंतर आहे, आणि खासगी परीक्षेच्या यादीत त्याचा हिशेब कुठेच नसतो.

पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीनं प्रज्ञावान मुलांसाठी 1969 मध्ये प्रशाला काढली. तिथला प्रवेश पाचवीला होतो, मानसशास्त्रीय चाचण्या घेऊन. प्रज्ञावान मुलांना वेगळं खाद्य लागतं, वर्गात त्यांची उपासमार होते, हे मला मान्य आहे. ज्यांनी या कामाला आयुष्य दिलं त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण त्यांनीही निवड पाचवीला ठेवली आहे. आपण मात्र क्रमांक लावायला पहिलीपासून सुरुवात केली.

सरावानं गुण वाढतात का? वाढतात. हे नाकारण्यात अर्थ नाही. एकच चाचणी दुसऱ्यांदा दिली तरी गुण वाढतात. प्रश्न ओळखीचा होतो, वेळेचा अंदाज येतो, भीती जाते. प्रश्न असा आहे की ही वाढ मुलाच्या बाकीच्या विचारात उतरते का. जिथं जिथं हे नीट तपासलं गेलं, तिथं पुन्हा पुन्हा एकच दिसलं आहे. सराव ज्या प्रकारच्या प्रश्नांचा, वाढ त्याच प्रकारच्या प्रश्नांत. गणित समजण्यात, वाचलेलं उमजण्यात ती उतरत नाही.

वर्गात हे कसं होतं ते सांगतो. बुद्धिमत्तेच्या पुस्तकात आरशातील प्रतिमा आणि पाण्यातील प्रतिबिंब असे दोन घटक असतात. क्लासमध्ये दोन ओळी पाठ करून घेतात की आरशात डावं-उजवं बदलतं, पाण्यात वर-खाली. मूल पटापट गोल काळे करतं. पण संगम माहुलीच्या घाटावर पायरीवर बसून पाण्यातलं देवळाचं शिखर त्यानं कधी निवांत पाहिलेलं नसतं, आणि शिखर उलटं का दिसतं हा प्रश्न त्याच्या मनात उठलेला नसतो. 2, 5, 10, 17 ही मालिका पाहिली की 'वर्ग अधिक एक' असं मूल ओरडतं. वर्ग म्हणजे काय, चार ओळींत चार-चार चिंचोके मांडले की चौकोन तयार होतो आणि म्हणून त्याला वर्ग म्हणतात, हे त्याच्या हातानं कधी केलेलं नसतं. दिनदर्शिकेच्या प्रश्नाला विषम दिवसांची युक्ती असते, रांगेतल्या स्थानाला 'वरून अधिक खालून वजा एक' असते. युक्त्या वाईट नाहीत. दहा वर्षांच्या मुलानं स्वतः शोधून काढल्या तर त्यासारखं सुख नाही. पण ज्या प्रश्नात मुलानं विचार करावा अशी अपेक्षा होती, त्या प्रश्नाचं सहा वर्षांच्या मुलासाठी पाठांतर होतं, आणि विचार करायची जागाच तिथं उरत नाही. पुढे सहावी-सातवीत असं मूल नवा प्रश्न आला की हात वर करून विचारतं, "सर, याची ट्रिक काय?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की त्याची मला भीती वाटते.

जगातल्या एका श्रीमंत शहरानं हा प्रयोग आपल्या आधी करून पाहिला आहे. न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांत प्रज्ञावान मुलांचे वेगळे वर्ग होते आणि त्यांत जाण्यासाठी चार वर्षांच्या मुलांची चाचणी घेत. शिकवण्या सुरू झाल्या, सराव पुस्तकं निघाली. श्रीमंत वस्त्यांतली मुलं मोठ्या संख्येनं पात्र ठरू लागली आणि गरीब वस्त्यांत बोटावर मोजण्याइतकी. शिकवणीचा परिणाम कमी व्हावा म्हणून 2012 मध्ये शहरानं चाचणीचा एक भाग बदलून आकृत्यांची नवी चाचणी आणली. लवकरच तिचीही पुस्तकं बाजारात आली. शेवटी 2021 मध्ये चार वर्षांच्या मुलांची ही चाचणी बंद करावी लागली. इतका पैसा आणि इतके तज्ज्ञ असलेल्या शहराला जे राखता आलं नाही, ते आपल्या तालुक्याच्या गावात राखलं जाईल असं मानायला काही आधार नाही.

आपल्या मातीतलं याहून वाईट उदाहरणही आहे. काही वर्षांपूर्वी 'मिडब्रेन' नावाचे वर्ग गावोगाव निघाले होते. मुलाचा मधला मेंदू जागा करतो, डोळ्यांवर पट्टी बांधून ते वाचेल, असा दावा. मुलं पट्टीच्या खालच्या फटीतून पाहत होती. अंधश्रद्धा निर्मूलन समितीनं या दाव्यांना आव्हान दिलं. ज्या दाभोलकरांनी ती चळवळ उभी केली ते साताऱ्याचेच. मला त्यात सर्वांत जास्त कशाचं दुःख झालं असेल तर ते मुलांना खोटं बोलावं लागलं याचं. आईबापांनी पैसे भरले आहेत, ते टाळ्या वाजवताहेत, मग फटीतून दिसतंय हे सांगायचं कसं? बुद्धिमत्तेचा क्लास म्हणजे मिडब्रेन नव्हे, हे मी जाणतो. पण आईबापांची तीच धास्ती दोन्हीकडे विकली जाते.

आता यावर येणारा सर्वांत जड आक्षेप. मला तो माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या वडिलांनी ऐकवला होता. त्यांचं म्हणणं, "गुरुजी, तुम्ही म्हणताय ते खरं असेल, पण आमच्यासारख्याला नवोदय सोडून दुसरी शिडी कुठली?" नवोदयच्या शाळेत राहणं, जेवण, पुस्तकं सगळं मोफत. एका जिल्ह्यातून जास्तीत जास्त 80 मुलं घेतात आणि त्यांतल्या किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांच्या. पलूसच्या नवोदयमध्ये मुलगी लागली तर घरच्या दोन एकर जिराईत शेताच्या जोरावर जे कधी झालं नसतं ते होतं. अशा बापाला 'सराव करून घेऊ नका' असं सांगणं हा उद्धटपणा ठरेल. ज्याच्या घरात पुस्तकं आहेत, ज्याची आई शिक्षिका आहे, त्या मुलाला ओएमआर कागदावर गोल कसा काळा करायचा, न येणारा प्रश्न सोडून पुढे कसं जायचं, हे घरीच कळतं. पहिल्या पिढीत शिकणाऱ्या मुलाचे गुण तिथंच जातात. त्याला प्रश्न सोडवता येत असतो, पण 'गटात न बसणारे पद ओळखा' म्हणजे काय करायचं हेच कळलेलं नसतं.

म्हणून मी ओळख हा शब्द वापरतो. ज्या इयत्तेत परीक्षा आहे त्याच वर्षी, शाळेच्या वेळात, वर्गातल्या प्रत्येक मुलाला प्रश्नांचे सगळे प्रकार दाखवावेत, काही पूर्ण पेपर घड्याळ लावून सोडवून घ्यावेत, चुकांवर वर्गात बोलावं. सरावाचा खरा फायदा सुरुवातीच्या या थोड्या पेपरांतच मिळून जातो. त्यानंतर वर्षानुवर्षं रेटत राहण्यानं फार थोडी भर पडते. ही ओळख जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेत दिली तर क्लासचं निम्मं आकर्षण आपोआप जाईल, आणि ज्याला फी परवडत नाही त्याचं नुकसान होणार नाही. जत-आटपाडीच्या एकशिक्षकी, द्विशिक्षकी शाळांना त्यासाठी केंद्रशाळेच्या पातळीवर मदत लागेल. कन्नड माध्यमाच्या शाळांना कन्नडमधलं साहित्य लागेल. गुणवत्ता यादीत येऊ शकतील अशी चार मुलं निवडून त्यांच्यावरच मेहनत घ्यायची आणि बाकीच्यांना बाहेर चित्रं काढायला बसवायचं, हा प्रकारही थांबला पाहिजे. तो मी पाहिला आहे. बाहेर बसलेल्या मुलाला आपल्याविषयी काय ठरलं आहे ते नेमकं समजतं.

हा विषय आत्ताच मांडायचं कारण आहे. 2016-17 पासून शिष्यवृत्ती परीक्षा पाचवी आणि आठवीला होत होती. ती पुन्हा चौथी आणि सातवीला नेण्याचा निर्णय राज्य सरकारनं 2025 मध्ये घेतला. निर्णयाच्या बाजूनं बोलण्यासारखं आहे. जिल्हा परिषदेच्या बऱ्याच शाळा चौथीपर्यंतच आहेत आणि परीक्षा पाचवीला गेल्यावर त्या शाळांतलं तयारीचं वातावरण विरून गेलं होतं. पण परीक्षा एक वर्ष खाली आली की क्लासही एक वर्ष खाली येणार. जो पहिलीत सुरू होत होता तो मोठ्या गटात सुरू होईल. हे रोखायचं ठरवलं नाही तर ते होईलच.

बुद्धी वाढतच नाही का, मग? वाढते. आणि सर्वांत भक्कम पुरावा साध्या शाळेच्या बाजूनं आहे. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात लाखो लोकांची माहिती एकत्र केली, तेव्हा शिक्षणाच्या प्रत्येक जादा वर्षामागे बुद्ध्यंकात 1 ते 5 गुणांची वाढ दिसली, आणि ती बरीच टिकूनही राहिली. नीट चाललेली शाळा बुद्धी वाढवते. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधल्या, म्हणजे त्या गटातल्या, जिल्हा परिषदेच्या शाळांनी दहा-बारा वर्षांपूर्वी हे डोळ्यांना दिसेल असं करून दाखवलं होतं. वर्गाच्या फरशीवर आखलेल्या चौकटी, मण्यांच्या माळा, काड्यांचे गठ्ठे, आणि पहिली-दुसरीची पोरं स्वतः मांडून, मोडून, भांडून संख्या समजून घेताहेत. राज्यभरातून शिक्षक ते पाहायला येत होते. त्या मुलांकडून कुणी अंकमालिका पाठ करून घेतल्या नव्हत्या. पण दशक म्हणजे काय हे ज्याला गठ्ठा सोडताना कळलं, त्याला चौथीत अंकमालिका शिकवायला फार वेळ लागत नाही.

घरी काय करायचं, असं विचारणाऱ्या आईला मी सांगतो, रोज बोला. भाजी निवडताना बोला, एसटीत बसल्यावर बोला. मुलाला गोष्ट वाचून दाखवा, मध्येच थांबून 'आता काय होईल?' विचारा आणि त्याचं उत्तर काहीही असलं तरी ऐकून घ्या. सागरगोटे खेळू द्या, पट मांडा. आजीला कोडी घालायला सांगा. 'हिरवी पेटी काट्यात पडली, उघडून पाहिली मोत्यांनी भरली' या कोड्यात भेंडी शोधताना मूल जे करतं, तेच त्या पेपरातल्या सहसंबंधाच्या प्रश्नात करायचं असतं: दोन वेगळ्या गोष्टींतलं साम्य धरायचं. शिवाय कोडं सुटलं नाही तर आजी क्रमांक लावत नाही, दुसरं कोडं घालते. मुलाला रात्री वेळेवर झोपवा. सात वर्षांच्या मुलानं शाळेनंतर क्लास, क्लासनंतर क्लासचा गृहपाठ करून साडेदहाला झोपणं याच्याइतकं त्याच्या स्मरणशक्तीला मारक दुसरं काही नाही.

ज्यांना ही सगळी स्पर्धाच पोचत नाही अशा मुलांविषयी बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. सांगली-साताऱ्यातल्या साखर कारखान्यांचा गाळप हंगाम दिवाळीच्या सुमाराला सुरू होतो आणि मार्चपर्यंत चालतो. बीडकडून, जतकडून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात आणि आईबापांबरोबर मुलं येतात. नवोदयची परीक्षा हिवाळ्यात असते, शिष्यवृत्तीची बहुतेक वर्षी फेब्रुवारीत झाली आहे. म्हणजे ज्या काळात बाकीची मुलं पेपर सोडवत असतात, त्या काळात हे मूल कोपीवर, म्हणजे मजुरांच्या झोपडीवर, धाकट्या भावंडाला सांभाळत असतं किंवा वाढ्यांच्या, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या, मोळ्या बांधू लागत असतं. त्याची बुद्धिमत्ता कुणी मोजलेली नाही. ती नाही असा अर्थ मात्र आपल्या याद्यांतून निघतो.

साताऱ्याच्या सरकारी शाळेत 7 नोव्हेंबर 1900 रोजी भिवा रामजी आंबेडकर या मुलाचं नाव दाखल झालं. त्या तारखेला आज आपण विद्यार्थी दिवस पाळतो. वर्गात त्याला कोपऱ्यात, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावं लागे, आणि शिपायानं नळ उघडून दिला तरच पाणी मिळे. शिपाई नसला की पाणी नाही, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. तहानलेल्या, कोपऱ्यात बसवलेल्या मुलाची त्या दिवशी चाचणी घेतली असती तर कागदावर काय आलं असतं? मूल कुठं बसलं आहे, जेवलं आहे का, त्याच्या भाषेत त्याला विचारलं आहे का, हे सगळं त्या आकड्यात मिसळलेलं असतं. विद्यार्थी दिवसाला शाळाशाळांत भाषणं होतात. त्याच शाळांतून त्याच महिन्यात पहिलीच्या खासगी परीक्षेचे अर्ज भरून घेतले जातात.

शिक्षण हक्क कायद्याच्या तेराव्या कलमानं प्रवेशासाठी मुलाची किंवा आईबापांची चाळणी घ्यायला मनाई केली आहे. पहिल्या वेळी 25 हजार रुपयांपर्यंत आणि त्यानंतर प्रत्येक वेळी 50 हजारांपर्यंत दंड आहे. प्रवेशाच्या दारात जे बेकायदा आहे ते प्रवेशानंतर वर्गात बिनदिक्कत चालतं, कारण खासगी प्रज्ञाशोध परीक्षा 'ऐच्छिक' असते. वर्गशिक्षक अर्ज वाटतात, वर्गातली बहुतेक मुलं भरतात, मग ती किती ऐच्छिक राहते? तिसरीपर्यंत अशा कुठल्याही परीक्षेचे अर्ज शाळेतून वाटू नयेत, शाळेचे वर्ग केंद्र म्हणून देऊ नयेत आणि शिक्षकांनी त्यांची फी गोळा करू नये, असं परिपत्रक जिल्हा परिषदेला आजही काढता येईल. त्याची वाट पाहायची नसेल तर शाळा व्यवस्थापन समितीत पालकच बहुसंख्य असतात; समितीनं ठराव केला तर शाळेपुरता हा प्रश्न एका बैठकीत सुटतो. चौथीखालच्या मुलांचे फोटो आणि क्रमांक फ्लेक्सवर लावणार नाही, हेही त्याच ठरावात घालावं. आणि ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी शिष्यवृत्ती परीक्षा घेणाऱ्या परीक्षा परिषदेनं एवढं करावं: हंगामात मूल ज्या कारखान्याच्या परिसरात असेल तिथल्या जवळच्या केंद्रावर त्याला बसू द्यावं, अर्ज गावच्या शाळेनं भरलेला असला तरी. साखर आयुक्तालयाकडे कारखान्यांची यादी आहे, कारखान्यांकडे टोळ्यांचे करार आहेत, शाळांकडे पटावरची नावं आहेत. या तीन याद्या ऑक्टोबरमध्ये एकत्र ठेवल्या तर फेब्रुवारीपर्यंत त्या मुलाच्या हातात प्रवेशपत्र देता येईल.